इयागो असं का वागतो?

(मासिक अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



सुरुवातीलाच सांगतो, मी नाटकवाला नाही. शिक्षणाने इंजिनिअर आहे, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. कॉलेजात असताना एकांकिकांच्या वेळी दिव्यांच्या डिमरवर बसायचो, तेवढाच माझा रंगभूमीशी संबंध. गेल्या वर्षी आम्ही सहा-सात जणांनी ठरवलं की महिन्यातून दोन रविवार जमायचं आणि एखादं जुनं नाटक भूमिका वाटून मोठ्याने वाचायचं. आमच्यात एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांना सगळे आपा म्हणतात. तालीम त्याच घेतात. पहिलं नाटक ठरलं शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो', आणि त्यातला खलनायक इयागो माझ्या गळ्यात पडला. कारण साधं होतं. इयागोला हजाराहून जास्त ओळी आहेत, खुद्द ऑथेल्लोपेक्षाही जास्त. एवढं वाचायची कुणाची तयारी नव्हती.

पहिल्या दिवशी आपांनी विचारलं, "तुझा इयागो हे सगळं का करतो?"

मी म्हटलं, "आपा, दुष्ट आहे म्हणून."

त्या म्हणाल्या, "दुष्ट आहे हे बघणारे म्हणतील. कुठलाही माणूस स्वतःला दुष्ट म्हणून सकाळी उठत नाही. तू काय म्हणशील ते पुढच्या वेळी सांग."

आजचं माझं बोलणं त्या प्रश्नाबद्दल आहे. मोठमोठ्या नटांनी त्याची काय उत्तरं दिली, आणि उत्तर शोधता शोधता मी कुठे पोचलो, एवढंच सांगणार आहे.

ज्यांनी नाटक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. ऑथेल्लो हा मूर. त्या काळच्या इंग्लंडमध्ये हा शब्द उत्तर आफ्रिकेतल्या मुसलमानांसाठी वापरत आणि काळ्या वर्णाच्या माणसांसाठीही. नाटकातला ऑथेल्लो ख्रिस्ती झालेला आहे आणि व्हेनिसच्या सैन्याचा सेनापती आहे. डेस्डिमोना ही तिथल्या एका बड्या सरदाराची मुलगी त्याच्याशी बापाला न सांगता लग्न करते. इयागो हा त्याच्या हाताखालचा अधिकारी. त्याला डावलून ऑथेल्लोने कॅसिओ नावाच्या तरुणाला आपला दुय्यम नेमलेलं आहे. सगळे तुर्कांशी लढायला सायप्रसला जातात, वादळात तुर्कांचं आरमारच बुडतं, आणि करायला काही काम नसलेल्या त्या छावणीत इयागो ऑथेल्लोच्या मनात भरवतो की डेस्डिमोनाचे कॅसिओशी संबंध आहेत. पुराव्याला एक हातरुमाल. शेवटी ऑथेल्लो बायकोला मारतो, खरं कळल्यावर स्वतःला मारतो. नाटकाचा नोंद असलेला पहिला प्रयोग १ नोव्हेंबर १६०४ रोजी लंडनच्या राजवाड्यात झाला. त्याच्या चारच वर्षं आधी, १६०० साली, मोरोक्कोच्या सुलतानाचा वकील लंडनमध्ये काही महिने राहून गेला होता. त्याचं तैलचित्र आजही आहे. म्हणजे तिथल्या प्रेक्षकाला मूर हा फक्त कहाणीतला प्राणी नव्हता.

आता माझा गृहपाठ. ऑफिसात सर्व्हर बंद पडला की आम्ही नंतर बसून मूळ कारण शोधतो. हे का झालं, मग ते का झालं, असं विचारत मागे मागे जातो. तीच सवय इथे लावली. इयागो स्वतःच्या तोंडाने जी जी कारणं सांगतो त्यांचा एक तक्ता केला.

एक, बढती मिळाली नाही. दोन, ऑथेल्लोचे आपल्या बायकोशी, एमिलियाशी संबंध असल्याची कुजबुज आहे. तीन, तसाच संशय कॅसिओवरही. चार, डेस्डिमोना त्यालाही थोडीफार आवडते. पाच, कॅसिओच्या वागण्यात रोजचं असं काही देखणेपण आहे की त्याच्यापुढे आपण कुरूप दिसतो. सहा, रॉडरिगो नावाच्या मूर्ख श्रीमंताकडून पैसे उकळायचे आहेत. सात, मूर आवडतच नाही, बस्स.

तक्ता भरला आणि अडचण दिसली. दुसऱ्या कारणाबद्दल इयागो स्वतःच म्हणतो की हे खरं आहे की नाही मला ठाऊक नाही, पण नुसत्या संशयावरच मी खरं धरून चालणार आहे. हा काय हेतू झाला? आणि पहिलं कारण, जे सगळ्यात पटण्यासारखं आहे, ते तर मध्येच संपतं. कॅसिओला दारू पाजून, भांडण लावून, इयागो त्याचं पद घालवतो आणि तिसऱ्या अंकाच्या मोठ्या प्रवेशाच्या शेवटी ऑथेल्लो ते पद इयागोला देतो. हवं होतं ते मिळालं. बढतीसाठीच चाललं होतं तर इथे थांबायला हवं. तो थांबत नाही.

शेक्सपिअरने ही गोष्ट इटालियन लेखक चिंथिओच्या १५६५ सालच्या कथासंग्रहातून घेतली. तिथे असा घोळ नाही. तिथला खलनायक डेस्डिमोनावर भाळलेला असतो, ती दाद देत नाही, म्हणून तो सूड घेतो. एक कारण, सरळ. शेक्सपिअरने ते सरळ कारण मोडलं आणि त्या जागी पाच-सात अर्धवट कारणं ठेवली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कवी कोलरिजने म्हणूनच असं मत मांडलं की याच्या दुष्टपणाला मुळात हेतूच नाही, हा फक्त हेतू शोधत फिरतो आहे.

टीकाकाराला असं म्हणून पुस्तक मिटता येतं. नटाला येत नाही. संध्याकाळी पडदा उघडल्यावर त्याला आत जायचं असतं, आणि काही हवं असल्याशिवाय माणूस खोलीत शिरत नाही. म्हणून नटांनी उत्तरं दिली. काही प्रयोग चित्रित आहेत ते मी पाहिले, काहींबद्दल वाचलं.

अमेरिकन नट एडविन बूथ. १८८१ साली लंडनमध्ये हेन्री आयर्विंगबरोबर तो ऑथेल्लो आणि इयागो या भूमिका आलटून पालटून करत होता. त्याने इयागो करणाऱ्या नटांना दिलेल्या सल्ल्याचा आशय असा: खलनायकी दाखवू नका, ती फक्त मनात ठेवा, वागायला हसतमुख, मनमिळाऊ, सभ्य राहा. हे वाचलं तेव्हा मला 'सामना'मधले निळू फुले आठवले. त्यांचा हिंदुराव पाटील त्या भटक्या मास्तरला घरी ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो, चेष्टामस्करी करतो. भीती वाटते ती त्या पाहुणचाराचीच. 'ऑथेल्लो'मध्ये 'प्रामाणिक' आणि 'प्रामाणिकपणा' हे शब्द ५०हून जास्त वेळा येतात आणि त्यातले बरेचसे इयागोबद्दल आहेत. सगळी छावणी त्याला प्रामाणिक म्हणते. नटाने पहिल्या प्रवेशापासून डोळे बारीक केले तर प्रेक्षकाला वाटतं, ही सगळी माणसं मूर्ख आहेत. ती मूर्ख नाहीत. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही इयागोलाच मनातलं सांगितलं असतं.

१९३८ साली लंडनच्या ओल्ड व्हिकमध्ये लॉरेन्स ऑलिव्हिएने इयागो केला. तो आणि दिग्दर्शक टायरोन गथ्री मानसोपचारतज्ज्ञ अर्नेस्ट जोन्सला भेटले. जोन्सचं म्हणणं पडलं की इयागोचं ऑथेल्लोवरच दडलेलं प्रेम आहे आणि मत्सर त्यातून येतो. दोघांना कल्पना आवडली, पण ऑथेल्लो करणाऱ्या राल्फ रिचर्डसनला ती रुचणार नाही म्हणून त्याला सांगितलीच नाही. प्रयोग काही जमला नाही. मला यात गंमत वाटते ती वेगळीच. इयागोचं मन समजून घ्यायला निघालेल्या दोघांनी ऑथेल्लोला अंधारात ठेवलं.

पुढे १९६४ साली ऑलिव्हिए स्वतः ऑथेल्लो झाला, चेहऱ्याला काळा रंग लावून. आज ते पाहताना अंगावर काटा येतो, तो कलेचा नव्हे. फ्रँक फिनलेचा इयागो मात्र पाहण्यासारखा आहे. हुशार कारस्थानी नाही, तर खालच्या हुद्द्यावर वर्षानुवर्षं घासलेला, कडवट शिपाईगडी. १९८९ साली इयन मॅकेलनने टापटीप, शिस्तीचा, सगळ्यांची काळजी घेणारा जुना सैनिक उभा केला, आणि ज्या बायकोवरच्या संशयाला आपण बहाणा समजतो तो त्याने खरा मानला. त्याचा इयागो ऑथेल्लोला मत्सराबद्दल सावध करतो तेव्हा तो स्वतःचं दुखणं सांगत असतो. २०१३ साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये रॉरी किनिअरने आजच्या काळातल्या सैनिकी तळावरचा इयागो केला. तिथे बढतीचं कारण इतकं पटतं की कुठल्याही ऑफिसातल्या माणसाला तो ओळखीचा वाटेल.

आणि २०१५ साली रॉयल शेक्सपिअर कंपनीत ह्यू क्वार्शी ऑथेल्लो आणि लुसियन म्सामाटी इयागो, दिग्दर्शक इक्बाल खान. दोघेही नट काळे. त्या कंपनीत काळ्या नटाने इयागो करण्याची ती पहिली वेळ होती. आतापर्यंत आपण समजून चाललो होतो की गोऱ्याला काळ्याचा तिटकारा आहे आणि विषय संपला. इथे तो सोपा रस्ताच बंद झाला. आता प्रश्न आला की आपल्यातल्याच एकाला वर चढलेलं पाहून आपल्यातल्याच दुसऱ्याच्या पोटात का दुखतं. हा प्रश्न इंग्लंडपुरता नाही, हे या खोलीत बसलेल्यांना मी सांगायला नको.

आपल्याकडेही हे नाटक जुनं आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली त्यावरून 'झुंझारराव' लिहिलं, त्यात इयागोचा जाधवराव झाला. वि. वा. शिरवाडकरांनीही ते मराठीत आणलं. आणि २००६ सालचा विशाल भारद्वाजचा 'ओंकारा' तर तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. त्यात सैफ अली खानचा लंगडा त्यागी. त्याच्या डोळ्यांदेखत बाहुबलीपदाचा टिळा दुसऱ्याला लागतो, आणि त्या एका क्षणात कारण डोळ्यांत भरतं. ओंकाराच्या आईच्या जातीवरून त्याला मारलेले टोमणे आपण वेगळे ऐकतो, म्हणजे रंगाच्या जागी जन्म येतो.

आता बघा, प्रेम, हुद्दा, बायकोवरचा संशय, बढती, स्वकीयाचा मत्सर. पाच नट, पाच हेतू. आणि प्रत्येकाला संहितेत आधार सापडतो. मी आपांना म्हटलं, "एवढ्या वेगवेगळ्या कारणांनी तेच काम होतं, म्हणजे कारण महत्त्वाचं नसेलच."

त्या म्हणाल्या, "तुला एखादं आठवतं का, तू केलेलं?"

हे आज इथे सांगायचं की नाही यावर मी बराच विचार केला. सांगतो.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एका कंपनीत होतो, नाव महत्त्वाचं नाही. टीमचं नेतृत्व मला मिळेल असं मी धरून चाललो होतो. ते माझ्याहून दोन वर्षांनी मागून आलेल्या एका मित्राला मिळालं. तो चांगला होता, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी त्याचं अभिनंदन केलं, सगळ्यांना चहा पाजला. महिन्याभराने मॅनेजर जेवताना सहज म्हणाले, "परदेशातल्या क्लायंटकडे त्यालाच पाठवावं म्हणतो." मी म्हटलं, "हो, बरोबर आहे." आणि मग जरा थांबून म्हटलं, "म्हणजे, सध्या त्याचं घरी काही चाललंय का मला नीट माहीत नाही. जाऊ दे."

एवढंच. मी खोटं बोललो का? नाही. त्याच्या वडिलांची तब्येत बरी नव्हती, हे खरं होतं. मॅनेजरनी विचारलं, "म्हणजे काय?" मी म्हटलं, "काही नाही हो, मी उगाच बोललो." दुसऱ्या आठवड्यात पुन्हा विचारलं तेव्हा "आता ठीक असेल, पण मी काही सांगू शकत नाही" असं म्हणालो, कारण आता माघार घेतली असती तर पहिलं का बोललो हे सांगावं लागलं असतं. त्याला पाठवलं नाही. मलाही पाठवलं नाही, तिसऱ्याच कुणाला पाठवलं. वर्षभरात त्याने ती नोकरी सोडली.

तिसऱ्या अंकातला तो प्रसिद्ध प्रवेश मी वाचायला घेतला आणि पहिल्याच पानावर अडखळलो. कॅसिओ डेस्डिमोनाशी बोलून निघून जातो. इयागो पुटपुटतो की हे काही मला बरं वाटलं नाही. ऑथेल्लो विचारतो, काय म्हणालास? इयागो म्हणतो, काही नाही. लहानपणी आपण सगळ्यांनी घरी ऐकलंय की गीबत करू नये, पाठीमागे कुणाचं वाईट बोलू नये. इयागो सुरुवातीला कुणाचं वाईट बोलतच नाही. तो वाक्य अर्धं सोडतो आणि ऐकणारा ते पूर्ण करतो. पुढे तो खोटी स्वप्नं आणि रुमालाची खोटी गोष्टही सांगतो, पण तोवर काम झालेलं असतं.

मग माझा हेतू काय होता? बढती? त्याला पाठवलं नाही म्हणून मला काही मिळणार नव्हतं. द्वेष? तो मला आवडायचा. मी माझ्यासाठीही तक्ता केला. पाच कारणं भरली, प्रत्येक खरं होतं आणि एकही पुरेसं नव्हतं. कोलरिजचं म्हणणं तेव्हा मला चुकीचं वाटू लागलं. कारणं नव्हती असं नाही. ती होती, पण इतकी क्षुल्लक की त्यांच्यातून एवढं नुकसान होईल हे करणाऱ्यालाही पटू नये. इयागो एकामागून एक कारण पुढे करतो ते बहुधा यासाठीच. त्याला स्वतःला ती पुरेशी वाटायला हवी असतात.

वाचनाच्या आदल्या आठवड्यात मी त्या मित्राला फोन केला. सगळं सांगितलं. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग त्याने विचारलं, "का रे?" मी कारणं सांगू लागलो आणि दुसऱ्या कारणाशीच थांबलो, कारण माझं मलाच ते ऐकवेना. शेवटच्या प्रवेशात सगळे इयागोला विचारतात की का केलंस, आणि तो म्हणतो की आता यापुढे एक शब्दही बोलणार नाही. बरेच नट तिथे छद्मी हसतात. मला आता तसं वाटत नाही. मला वाटतं, ऐकवण्यासारखं त्याच्याकडे काही उरलेलंच नसतं.

पण मित्राने नंतर जे विचारलं ते जास्त लागलं. तो म्हणाला, "तू बोललास ते बोललास. पण त्यांनी मला का नाही विचारलं? एक फोन करायचा होता. वडिलांजवळ माझी बहीण होती, मी गेलो असतो."

हा प्रश्न घेऊन मी नाटक पुन्हा वाचलं आणि ते वेगळं दिसू लागलं.

पहिल्या अंकात ऑथेल्लोवर आरोप होतो की त्याने जादूटोणा करून मुलगी पळवली. आरोप करणारा डेस्डिमोनाचा बाप, ज्याने त्याला कौतुकाने घरी बोलावून त्याच्या लढायांच्या गोष्टी ऐकल्या होत्या. प्रकरण व्हेनिसच्या राज्यसभेपुढे जातं. तिथे काय होतं? आरोप सगळ्यांसमोर मांडला जातो. ऑथेल्लोला बोलू दिलं जातं. तो म्हणतो, तिलाच बोलावून विचारा. डेस्डिमोनाला बोलावतात, ती सांगते, आणि आरोप गळून पडतो. अर्थात तुर्कांचं आरमार निघालेलं होतं आणि सभेला सेनापतीची गरज होती, म्हणूनही ऐकून घेतलं असेल. पण ऐकून घेतलं.

सायप्रसला अशी सभा नाही. तिथे सगळं दोघांत, बाजूला घेऊन, हळू आवाजात चालतं. ऑथेल्लो कॅसिओला एकदाही समोर बसवून विचारत नाही. एमिलियाला विचारतो, ती स्पष्ट नाही म्हणते, पण तोवर त्याचं मन बनलेलं असतं. डेस्डिमोनाला रुमालाबद्दल खडसावतो, पण नेमका आरोप शेवटच्या रात्री सांगतो. तेव्हा ती काय म्हणते? त्याला बोलावून विचारा. पहिल्या अंकात ऑथेल्लोने स्वतः जे मागितलं होतं तेच ती मागते. त्याला मिळालं, तिला मिळत नाही. आणि ती मेल्यावर कॅसिओ येतो, दोन-चार वाक्यांत सांगतो की रुमाल मला माझ्या खोलीत सापडला, आणि सगळं कारस्थान उघडं पडतं. एवढाच वेळ लागणार होता.

इयागोलाही हे ठाऊक असतं. शेवटी शेवटी त्याला कॅसिओचा काटा का काढायचा असतो? एक कारण तो साफ सांगतो. मूर त्याच्याशी बोलला तर मी उघडा पडेन. हातात बढती आल्यावरही तो थांबत नाही, थांबू शकत नाही, ते यामुळे. दोन माणसांनी एकमेकांशी बोलणं हीच त्याची खरी भीती.

मग ऑथेल्लो का विचारत नाही? इयागो इथे त्याचं सगळ्यात धारदार हत्यार काढतो. तो म्हणतो की आमच्या मुलखातल्या बायका मला माहीत आहेत, त्यांची रीत तुम्हाला कळायची नाही. आणि तिने स्वतःच्या मुलखातलं, रंगाचं, तोलामोलाचं स्थळ सोडून तुम्हाला निवडलं, यातच काहीतरी आलं. हे तो मित्राच्या आवाजात म्हणतो. इतकी वर्षं या राज्यासाठी लढलेल्या माणसाला एका वाक्यात आठवण होते की आपण इथले नाही. ज्याला आपण इथले आहोत याची खात्री नसते तो प्रश्न विचारायला बिचकतो. विचारलं आणि हसले तर? म्हणून तो विचारत नाही, त्या एका 'माहीतगार' मित्रावर विसंबतो. ही वाक्यं मी पहिल्यांदा विषारी आवाजात वाचली. आपा म्हणाल्या, "एवढं नको. आपुलकीने वाच. घर भाड्याने देताना नाही म्हणणारे आपल्याशी कसे बोलतात, तसं." खोलीत सगळे हसले आणि मग गप्प झाले. त्यानंतर मी ती वाक्यं तशीच वाचली.

पण ऑथेल्लो बळी आहे एवढं म्हणून सुटका नाही. ज्याला परका म्हणून संशय सोसावा लागला त्याने घरात बायकोवर तोच संशय घेतला, आणि तिला व्हेनिसच्या सभेने त्याला दिली तेवढीही संधी दिली नाही. आपण बाहेर न्याय मागतो तेव्हा हे लक्षात ठेवायला हवं. तलाक असो, मुलीचं शिक्षण असो, जातपंचायत असो की जमातीचा निर्णय असो, जिच्याबद्दल ठरतंय ती खोलीत आहे का?

शेवटी एमिलियाबद्दल. चिंथिओच्या कथेत रुमाल खलनायक स्वतः चोरतो, डेस्डिमोना त्याच्या लहान मुलीला कडेवर घेऊन खेळवत असताना. शेक्सपिअरने ते बदललं. रुमाल पडतो, एमिलिया उचलते आणि नवऱ्याने मागितला होता म्हणून त्याला देते. नंतर डेस्डिमोना शोधते तेव्हा ती म्हणते, मला माहीत नाही. तिला कारस्थान ठाऊक नसतं, पण रुमाल ठाऊक असतो. एमिलियाचा हेतू वाईट नव्हता. घरात शांतता राहावी एवढाच असेल. आपल्यातले बहुतेक जण इयागो नसतात, या एमिलिया असतात. मात्र शेवटच्या प्रवेशात खरं कळल्यावर इयागो तलवार काढून तिला गप्प बसायला सांगतो, आणि ती बसत नाही. सगळ्यांसमोर सांगते, आणि त्यासाठी मरते. 'ओंकारा'त शेवट उलटा आहे, तिथे इंदू नवऱ्याला मारते. मला दोन्ही शेवट पटतात, पण दोन्हीत ती बोलते तेव्हा उशीर झालेला असतो.

आमचं वाचन झालं. पंधरा-वीस माणसं होती, घरचीच. मी इयागो कसा वाचला? बढती हुकलेला, २८ वर्षांचा, कामात चोख, सगळ्यांना आवडणारा मुलगा म्हणून. २८ हे वय इयागो स्वतःच सांगतो. नंतर एका काकूंनी मला विचारलं, "तू त्याच्यासारखा वाटतच नव्हतास, मग एवढं कसं झालं?" आपा म्हणाल्या, "हेच."

तेव्हा हेतूचं काय? नटाने तो शोधलाच पाहिजे, नाहीतर इयागो बुजगावणं होतो. पण आपण नट नाही. आपल्या मोबाइलवर रोज काहीतरी येतं, अमक्याबद्दल, तमक्याच्या मुलीबद्दल, शेजारच्या वस्तीबद्दल. आपण लगेच वाद घालतो की पाठवणाऱ्याचा हेतू काय, त्याच्या पाठीमागे कोण आहे. तो वाद कधी संपत नाही, कारण हेतू पाठवणाऱ्यालाही धड माहीत नसतो. त्यापेक्षा ज्याच्याबद्दल आहे त्याला फोन करावा. मॅनेजरनी केला नाही. मी सहा वर्षं केला नाही.

माझ्या मित्राने मला माफ केलं का, असं काहींच्या मनात असेल. त्याने तसं म्हटलेलं नाही, आणि मी विचारलेलं नाही. परवा त्याचा मेसेज आला, पुढचं नाटक कुठलं म्हणून. मी कळवलंय.